हाताच्या मापाची बेस गिटार

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात लोकांचं लक्ष आधी गायकाकडे जातं, मग ढोलकीवाल्याकडे, मग की-बोर्डवर भराभर बोटं फिरवणाऱ्याकडे. मागे ड्रमच्या शेजारी एक जण लांब दांडीची गिटार गळ्यात अडकवून उभा असतो. तो फारसा हलत नाही, पुढे येत नाही. त्याच्या वाद्याला टाळीही वेगळी पडत नाही. पण त्याने दोन ओळींपुरता हात थांबवला तर गाणं एकदम पोकळ वाटू लागतं. काय गेलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी गेलं एवढं कळतं. हा माणूस बेस गिटार वाजवत असतो.

आमच्या हातकणंगल्याच्या आसपास, इचलकरंजीत, हुपरीत, पेठ वडगावात, गणपतीपासून जत्रा-उरुसांपर्यंत वाद्यवृंदांचे कार्यक्रम होत असतात. हिंदी गाण्यांवर वाढलेल्या आपल्या कानांना बेस गिटार नवी नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवत. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, वाजवणं मात्र आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आता घराघरांतली मुलं-मुली हे वाद्य शिकायला मागतात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली काही मंडळीही राहून गेलेली हौस म्हणून ते हातात घेतात. आणि यातले बरेच जण वर्षाच्या आत ते खुंटीला टांगून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, हात पुरत नाही, मनगट दुखतं, आपल्याला ते जमण्यातलं नाही.

मी वादक नव्हे, शब्दांच्या मात्रा मोजणारा माणूस आहे. तरी वाद्यवृंदवाल्यांसाठी गाणी लिहिण्याच्या निमित्ताने वादकांमध्ये पुष्कळ बसलो. त्या बसण्यातून एक गोष्ट ध्यानात आली. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या बोटांत दोष नसतो. वाद्याचं माप त्यांच्या हाताला लागू पडत नाही, एवढंच असतं. आणि बेस गिटार एकाच मापाची येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे माप कसं मोजतात ते आधी पाहू. गिटारच्या डोक्याशी, जिथून तारा खाली उतरतात, तिथे एक लहानशी पट्टी असते. सतारीवर आपण तिला मेरू म्हणतो, गिटारवाले ‘नट’ म्हणतात. दुसऱ्या टोकाला घोडी असते, तिला ते ‘ब्रिज’ म्हणतात. या दोहोंमधली तार वाजते. या वाजणाऱ्या तारेच्या लांबीला ‘स्केल’ म्हणतात. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट, म्हणजे आपल्या सतारीचे पडदेच. सर्वसाधारण बेस गिटारचं स्केल ३४ इंच असतं. आखूड मापाच्या, म्हणजे शॉर्ट स्केल बेसचं ३० इंच किंवा त्याहून थोडं अधिक. ३२ इंचांचं मधलं मापही मिळतं, पण ते दुकानात क्वचित दिसतं.

आता हे ३४ इंच आले कुठून? पूर्वी खालच्या स्वरांसाठी डबल बेस हे माणसापेक्षा उंच वाद्य वापरत. ते उभं धरून वाजवायचं, तारेची लांबी एक मीटरच्या पुढे, आणि दांडीवर पडदे नाहीत. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ नावाची विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. तिला पडदे होते आणि ती गळ्यात अडकवता येत होती. तिचं माप ३४ इंच ठेवलं गेलं आणि पुढे तेच रूढ झालं. गंमत पाहा, आज आपण ज्याला ‘पूर्ण माप’ म्हणतो, तेच मुळात मोठ्या वाद्याला आखूड करून आलेलं आहे. माणसाला वाजवायला सोपं जावं म्हणूनच ते आखूड झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ साली, गिब्सन कंपनीने साडेतीस इंचांची बेस काढली. म्हणजे आखूड बेस ही अलीकडची पळवाट नव्हे. ती जवळजवळ पहिल्या दिवसापासून लांब बेसच्या सोबतीने चालत आलेली आहे.

चार इंचांनी असा काय फरक पडतो, असं कुणी विचारील. फरक दांडीच्या वरच्या टोकाला पडतो. फ्रेटमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. मेरूजवळ ते सर्वांत जास्त असतं आणि घोडीकडे येताना कमी कमी होत जातं. बेस वाजवणाऱ्याचा डावा हात बराच वेळ या मेरूजवळच्या भागातच असतो. तिथे पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि चौथ्या फ्रेटवर करंगळी ठेवायची झाली, तर ३४ इंची बेसवर बोटांमध्ये सुमारे १३ सेंटिमीटरचा ताणा द्यावा लागतो. ३० इंची बेसवर हेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येतं. दीड सेंटिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही. पण ज्याची करंगळी ताणून ताणून जेमतेम बारापर्यंत पोचते, त्याच्या दृष्टीने तेवढ्यावरच वाजवणं आणि न वाजवणं ठरतं. शिवाय दांडी आखूड म्हणजे डावा खांदाही फार दूर न्यावा लागत नाही. तासभर उभं राहून वाजवणाऱ्याला हे फार जाणवतं.

आमच्या ओळखीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगतो. तिला बेसच शिकायची होती. वडिलांनी पैसे साठवून दुकानातून ३४ इंची बेस आणली. हात पुरत नाही म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, रियाझ करा, बोटं लांबतील. बोटं काही लांबली नाहीत. ती मनगट वाकडं करून करंगळी पोचवू लागली. तीन महिन्यांत मनगटापासून कोपरापर्यंत कळ येऊ लागली आणि घरात ठरून गेलं की मुलीला संगीत झेपत नाही. पुढे एका वादकाने तिच्या हातात आपली आखूड बेस दिली, तेव्हा तेच धडे तिने मनगट सरळ ठेवून वाजवले. मुलगी तीच होती आणि रियाझही तेवढाच होता, बदललं होतं ते वाद्याचं माप. सगळ्यांच्या नशिबी असा वादक येतोच असं नाही, म्हणून हे बोलण्याची गरज वाटते.

आपल्याकडे तरी ही गोष्ट नवी वाटू नये. हातकणंगल्याहून गाडीत बसलं की जयसिंगपूर मागे टाकून मिरज येतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारमेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला तंतुवाद्यं घडवू लागले आणि तिथून मिरजेची ही परंपरा सुरू झाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या कारागिरांकडे तंबोरा करून मागायला जा. ते आधी विचारतात, गाणार कोण, आणि पट्टी कोणती? पुरुषाच्या खालच्या पट्टीसाठी मोठा तंबोरा, बाईच्या वरच्या पट्टीसाठी आखूड तंबोरा. बाईचा तंबोरा लहान म्हणून तो कमी प्रतीचा, असं मिरजेत कुणी म्हणत नाही. थोर गायिकांनी त्याच मापाच्या तंबोऱ्यांच्या साथीने मैफली गाजवल्या. वाद्य माणसाच्या मापाने बेतायचं, ही रीत आपल्या घरचीच आहे.

तंबोरा आणि बेस यांत एक फरक मात्र समजून घ्यायला हवा. तंबोरा आखूड होतो, तेव्हा त्याचा षड्जही वर चढतो. लांबी आणि स्वर एकमेकांना धरून बदलतात, त्यामुळे तारेचा ताण योग्य राहतो. बेसमध्ये तसं होत नाही. वाद्य आखूड झालं तरी स्वर तेच ठेवायचे असतात. बेसच्या चार तारा साध्या गिटारच्या जाड चार तारांहून एक सप्तक खाली लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. लांबी कमी करून स्वर तोच ठेवायचा, तर तार सैल करावी लागते. तार तीच आणि स्वरही तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ वरून ३० इंचांवर आलो की हिशेबाने ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो.

आखूड बेसचे गुण आणि दोष बहुतेक या एका हिशेबातून निघतात. तार सैल म्हणून बोटाला दाबायला हलकी लागते आणि टोकांना त्रास कमी होतो. पण सैल तारेचा थरथराट रुंद असतो. जोरात छेडली तर ती फ्रेटवर आपटून खरखर करते. तार जोराने दाबली किंवा बाजूला ओढली तर स्वरही चटकन वर सरकतो. म्हणून आखूड बेसवर उजवा हात मऊ ठेवावा लागतो. आवाजाचंही तसंच. लांब बेसच्या ताठ तारेतून धारदार, सुटा सुटा आवाज निघतो. आखूड बेसचा आवाज गोल आणि भरीव असतो, कारण त्यात मूळ स्वर ठळक आणि वरचे बारीक स्वर कमी. भजन, भावगीत, जुनी हिंदी गाणी यांना हा आवाज छान शोभतो. अंगठ्याने तारेवर थाप मारून वाजवायचं आजकालचं चमचमीत वाजवणं लांब बेसवर अधिक खुलतं.

गझल लिहिणाऱ्यांत ‘छोटी बहर’ म्हणतात, म्हणजे लहान वृत्त. शब्द मोजकेच बसतात, पसारा मांडता येत नाही. म्हणून लहान वृत्तातली गझल हलकी, असं जाणकार कधी म्हणत नाहीत. तिचं वळण निराळं, तिच्यातून निघणारा अर्थ निराळा. आखूड बेसकडेही त्याच नजरेने पाहावं.

‘आखूड बेस पोरांसाठी’ असं दुकानात कुणी म्हणालं, तर त्यांना पॉल मॅकार्टनी यांचं नाव सांगा. बीटल्स या जगप्रसिद्ध चमूचे ते बेसवादक. १९६१ साली त्यांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. तिचं स्केल सुमारे ३० इंच, अंग आतून पोकळ, वजनाला हलकी. ते डावखुरे आहेत. दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्याने ही बेस उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती, हे तिच्या निवडीचं एक कारण. ती बेस १९७२ साली चोरीला गेली आणि अर्धशतकानंतर त्यांना परत मिळाली. ही बातमी २०२४ साली जगभर झळकली. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन हात लहान असल्याने आखूड बेस पसंत करत. क्रीम या चमूचे जॅक ब्रूस यांनी गिब्सनच्या आखूड बेसवर नाव काढलं. फेंडर कंपनीनेही १९६६ साली ‘मस्टँग’ ही ३० इंची बेस काढली. यांतलं कुणी पोरांचं खेळणं वाजवत नव्हतं.

आता घ्यायचीच असेल तर काय पाहावं? पहिली परीक्षा घरी, फुकटात होते. एका लाटण्यावर किंवा गोल काठीवर पेनाने १३ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. अंगठा मागे ठेवून, मनगट न वाकवता तर्जनी एका खुणेवर आणि करंगळी दुसरीवर ठेवून पाहा. सहज पोचली तर हाताच्या दृष्टीने तुम्हाला आखूड बेसची गरज नाही. ताणून दुखत असेल तर साडेअकराच्या खुणा करून पुन्हा पाहा.

दुसरी परीक्षा ओळखीच्या कुणाची ३४ इंची बेस असेल तर करता येते. तिच्या दुसऱ्या फ्रेटलाच मेरू समजा. तिथून घोडीपर्यंत जवळजवळ सव्वातीस इंच उरतात. आधी पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर चार बोटं ठेवून वाजवा, मग तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटवर. दोन्हींतला जो फरक हाताला जाणवेल, तोच लांब आणि आखूड बेसमधल्या बोटांच्या अंतराचा फरक. एक पैसा खर्च न करता निम्मा निर्णय इथे होतो.

तिसरी गोष्ट, हातातली बेस विकण्याआधी ती एखाद्या जाणकाराकडून नीट लावून घ्या. तारा दांडीपासून फार उंच असतील तर कोणत्याही मापाची बेस हात दुखवते. घोडीवरचे स्क्रू आणि दांडीच्या आतली लोखंडी सळी यांनी ही उंची कमी करता येते. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं आणि नव्या वाद्याचा खर्च वाचतो.

चौथी गोष्ट दांडीच्या रुंदीची. ही लांबीपेक्षा वेगळी बाब आहे. मेरूपाशी काही बेसची दांडी सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते, काहींची ४२ च्या आसपास. लहान हाताला अरुंद दांडी बरी पडते. आखूड बेसची दांडी अरुंद असेलच असं धरून चालू नका, मुठीत धरून पाहा.

पाचवी गोष्ट वजनाची. आखूड म्हणजे हलकी, हाही गैरसमज आहे. भरीव लाकडाची आखूड बेस चांगली जड असू शकते. पट्टा गळ्यात घालून उभं राहा आणि दोन्ही हात सोडून द्या. दांडी खाली झुकू लागली तर ती बेस वाजवताना डाव्या हाताला बोटांसोबत दांडीही सांभाळावी लागेल. मग आखूड मापाचा निम्मा फायदा तिथेच गेला. निदान पंधरा मिनिटं अंगावर ठेवून पाहा. दोन मिनिटांत सगळीच वाद्यं हलकी वाटतात.

जुनी बेस घेत असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता माप स्वतः घ्या. मेरूपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर स्केलच्या बरोबर निम्मं असतं. ते १७ इंच भरलं तर बेस लांब, १५ च्या आसपास भरलं तर आखूड. मग बाराव्या फ्रेटवर तार बोटाने नुसती स्पर्शून वाजवा आणि तिथेच दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. फरक असेल तर घोडी सरकवून तो निघतो का ते पाहा. निघत नसेल तर ते वाद्य सोडा.

तारा घेताना पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेलं पाहूनच घ्या. ३४ इंची बेसच्या तारा कापून बसवल्या तर त्यांचा जाड भाग खुंटीवर गुंडाळावा लागतो, मग त्या नीट बसत नाहीत. आपल्याकडच्या लहान दुकानांत आखूड तारा दर वेळी मिळतील असं नाही, तेव्हा एक संच घरात असू द्या. जाडी थोडी वाढवली तर सैलपणा कमी होतो. पाच तारांच्या आखूड बेसकडे मात्र सावधपणे पाहा. तिची सर्वांत खालची तार फार ढिली पडते आणि स्वर धूसर येतो. शिकणाऱ्याला चार तारा पुरेशा आहेत.

हे सारं सांगताना प्रत्येकाने आखूडच बेस घ्यावी, असा आग्रह नाही. हात मोठा असेल, धारदार आवाज हवा असेल, मोठ्या वाद्यवृंदात दुसऱ्याच्या वाद्यावर आयत्या वेळी उभं राहावं लागत असेल, तर ३४ इंचांचीच सवय बरी. आणि वाद्य बदलूनही बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. रियाझाने बोटांची कातडी टणक होते, थोडा थकवा येतो, एवढं ठीक. मनगटातली कळ हा रियाझाचा भाग नाही. ती सोसणाऱ्याचं कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या कौतुकापायी चांगले हात कायमचे दुखावतात.

पायाला चप्पल घेताना आपण कोल्हापुरात कधी म्हणत नाही की घ्या मोठी, पाय वाढेल. मग पोराच्या हातात वाद्य देताना तसं का म्हणावं? दुकानात जाताना खिशात पैसे घेऊन जालच. सोबत मोजपट्टी घ्या, आणि वाद्य ज्याच्यासाठी घ्यायचं त्यालाही न्या. दुकानदाराचं, मास्तरांचं ऐका, पण माप त्याच्या हाताचं घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)